सह्याद्री वाहिनी इंटरनेटवरून खऱ्या एचडीत: खानापूर-निपाणीपर्यंत ती नीट पोचेल कशी?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा आहे. घरी फायबर घेतलं, ४० एमबीपीएसचा प्लॅन, नवा मोठा टीव्ही. यूट्यूब एकदम स्वच्छ दिसतं. पण टीव्हीवरच्या एका ॲपमधून संध्याकाळी सातच्या बातम्या लावल्या की चक्र फिरत बसतं, नाहीतर निवेदकाचा चेहरा धुरकट होतो. ते विचारतात: दोष कुणाचा, माझ्या लाइनचा की पाठवणाऱ्याचा? दूरदर्शनसारख्या सार्वजनिक संस्थेला इंटरनेटवरून खरं एचडी द्यायचं झालं तर नेमकं काय करावं लागेल? आणि छतावरची डिशची छत्री आता उतरवू का?

गुरुजी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका वाक्यात संपतं: छत्री राहू द्या. का, ते पुढे येईलच. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी मात्र जरा बैठक मारावी लागेल. मी आधी केबलच्या हेडएंडवर, म्हणजे जिथून गावभर वाहिन्या वाटल्या जातात त्या खोलीत, होतो, आता याच पट्ट्यात, बेळगाव-संकेश्वर-निपाणीकडे, छोट्या इंटरनेटवाल्यांची फायबर जाळी उभी करून देतो. वाहिनीवाले इंटरनेटवाल्याला नावं ठेवतात आणि इंटरनेटवाले वाहिनीला. मी दोन्हीकडची बोलणी ऐकलेली आहेत.

आधी तुमच्या ४० एमबीपीएसचा हिशेब. एचडीचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, साधारण २०.७ लाख. जुन्या एसडीचं ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४.१५ लाख. पाचपट फरक. स्टुडिओत कॅमेऱ्यापासून मिक्सरपर्यंत हे चित्र न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, फिरतं तेव्हा त्याला १.४८५ जीबीपीएस लागतात, तुमच्या लाइनच्या सदतीसपट. तेच एच.२६४ पद्धतीनं नीट दाबलं की ५ ते ६ एमबीपीएसमध्ये बसतं. त्यानंतर, २०१३ साली आलेल्या एचईव्हीसीनं दाबलं तर ३ ते ४ मध्येही चांगलं दिसतं. म्हणजे तुमच्या लाइनवर असे सहा टीव्ही एकाच वेळी चालायला हवेत. लाइन लहान नाही.

मग स्पीड टेस्ट ४० दाखवते आणि बातम्या अडकतात, हे कसं? स्पीड टेस्ट बहुतेक वेळा तुमच्या इंटरनेटवाल्याच्याच जवळच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते. घरापासून बेळगावच्या त्याच्या खोलीपर्यंतचा हा रस्ता मोकळाच असतो. अडचण तिथून पुढे आहे. सह्याद्रीचं केंद्र मुंबईत वरळीला, ॲपचा सर्व्हर आणखी कुठे तरी. बेळगाव मुंबईपासून साधारण ५०० किलोमीटर आणि बेंगळुरूपासूनही जवळजवळ तितकंच. छोटा इंटरनेटवाला जी मोठी लाइन भाड्यानं घेतो, ती त्याला जी स्वस्त पडेल त्या शहराकडे जाते. अंतराचा स्वतःचा त्रास नाही. फायबरमधून प्रकाश ५०० किलोमीटर अडीच मिलिसेकंदात कापतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात ही भाड्याची लाइन आणि एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात जायचे नाके तुंबतात, तिथे चक्र फिरतं.

यूट्यूब मात्र त्या नाक्यावर येतच नाही. गूगल आपले कॅश सर्व्हर, म्हणजे एकदा आलेल्या व्हिडिओची प्रत जपून ठेवणाऱ्या पेट्या, इंटरनेट कंपन्यांच्या खोलीत ठेवते, नेटफ्लिक्सही २०१२ पासून आपली पेटी फुकट देते. बेळगावात दहा जणांनी एकच व्हिडिओ पाहिला तरी तो मुंबईहून एकदाच आलेला असतो, पुढचं वाटप इथल्याइथे. तुमच्या प्लॅनचा याच्याशी काही संबंध नाही. यूट्यूबची प्रत गावात आहे, बातम्यांची नाही.

पेपरचं उदाहरण घ्या. पुण्या-मुंबईचा पेपर पहाटेच्या गाडीनं गठ्ठ्यानं निपाणीच्या स्टँडवर उतरतो आणि तिथून पोरं सायकलवरून घरोघरी टाकतात. आजचं इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण मात्र असं चालतं की प्रत्येक वाचकानं आपला माणूस थेट छापखान्यात पाठवावा, एक अंक आणायला, आणि तेही रोज एकाच वेळी. याला युनिकास्ट म्हणतात: जितके बघणारे तितक्या प्रती.

सार्वजनिक प्रसारकाची खरी कोंडी इथे आहे, आणि ती तंत्रज्ञानाइतकीच पैशाची आहे. उपग्रहावर वाहिनी चढवली की बघणारा एक असो की एक कोटी, खर्च तोच. इंटरनेटवर प्रत्येक नवा प्रेक्षक बिल वाढवतो. खासगी कंपनीला त्या प्रेक्षकामागे जाहिरात किंवा वर्गणी मिळते, म्हणून तिला ते परवडतं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. बहुतेक मोबाइलवर, लहान चित्रात, पण यंत्रणा टिकली. त्यामागे मोठा पैसा आणि भाड्याच्या सर्व्हरांची मोठी फौज होती. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनं त्याच वाटेनं जावं असं मला अजिबात वाटत नाही. कार्यक्रम जितका लोकप्रिय तितका तोटा, अशी व्यवस्था तिच्या कामालाच उलटी आहे.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे. दूरदर्शननं आपली वाहिनी प्रत्येक घरापर्यंत नेण्याच्या भानगडीत न पडता ती प्रत्येक गावाच्या हेडएंडपर्यंत नेऊन द्यावी. तिथून घरापर्यंतचं फायबर लोकांनी आधीच ओढलेलं आहे. आणि हेडएंडपर्यंत न्यायला तिच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल: स्वतःचं उपग्रहाचं जाळं.

आकड्यांत बघू. समजा निपाणीतल्या एका इंटरनेटवाल्याकडे २,००० जोडण्या आहेत आणि महापुराच्या बातम्यांना त्यातले ५०० जण एकदम सह्याद्री लावतात. ६ एमबीपीएसनं ५०० प्रती म्हणजे ३,००० एमबीपीएस. त्याची भाड्याची लाइन कदाचित तेवढीही नसेल, आणि असली तरी बाकीचं सगळं बंद पडेल. आता त्याच्या खोलीत एक साधा कॅश सर्व्हर ठेवा. थेट प्रक्षेपण इंटरनेटवर सलग धारेनं येत नाही. पाच-सहा सेकंदांचे तुकडे करून येतं, आणि प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत तयार असतो, मोठ्या टीव्हीसाठी वेगळा, मोबाइलसाठी वेगळा. सगळे दर्जे मिळून साधारण १२ एमबीपीएस. सर्व्हर प्रत्येक तुकडा एकदाच वर मागतो आणि ५०० जणांना वाटतो. ३,००० च्या जागी १२.

त्या सर्व्हरला फार काही लागतही नाही. थेट वाहिनीचे शेवटच्या दोन मिनिटांचे तुकडे जपले तरी पुरतं, आणि ते होतात १८० एमबी. तीस वाहिन्या धरल्या तरी साडेपाच जीबीच्या आत. हार्डडिस्कला हातही न लावता साध्या मशिनच्या रॅममध्ये मावतात. इतक्या स्वस्तात होणारं काम वर्षानुवर्षं होत नाही, तेव्हा अडचण यंत्राची नसते, कुणी कुणाला विचारायचं याची असते. शंभर-दोनशे जोडण्यांच्या गावातल्या इंटरनेटवाल्याशी करार कोण करणार? म्हणून ती पेटी करारानं न देता खुल्या पद्धतीनं द्यावी: सॉफ्टवेअर फुकट, प्रवाह फुकट, कुणीही परवानाधारक इंटरनेटवाला किंवा केबलवाला लावू शकेल. नोंदणीपुरता एक अर्ज.

आता उपग्रहाची गंमत. हा कॅश सर्व्हर इंटरनेटवरूनच भरला पाहिजे असं काही नाही. डीव्हीबी या युरोपातून आलेल्या मानकसंस्थेनं डीव्हीबी-एनआयपी नावाची पद्धत ठरवली आहे. तिच्यात इंटरनेटवर चालतात तेच तुकडे उपग्रहावरून खाली उतरवता येतात. म्हणजे दूरदर्शननं एकदा वर पाठवलं की बेळगाव, बिदर, कारवार, सगळीकडच्या हेडएंडवर ते एकाच वेळी उतरेल आणि तिथून पुढे फायबरनं घरी. तुमच्या घरची छत्री दोन फुटी. कणकुंबी-जांबोटीकडच्या आषाढातल्या पावसात केयू-बँडचा, म्हणजे घरच्या छत्र्यांवर येणाऱ्या लहरींचा, सिग्नल तिच्यावर गळतो आणि चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं. हेडएंडवर आठ-दहा फुटी छत्री लावता येते. तिच्यावरही पावसाचा परिणाम होतो, पण हातात बराच जास्त सिग्नल शिल्लक असतो.

याच कारणानं मला ही रचना सीमाभागासाठी नुसती सोयीची वाटत नाही, गरजेची वाटते. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद झाली. आपल्याकडची बरीच फायबर महामार्गाच्या कडेनं आणि पुलांवरून जाते. रस्ता गेला की ती जाईलच असं नाही, पण तुटली तर दुरुस्तीची गाडीही पोचत नाही. आणि नेमक्या त्या दिवसांत चिकोडी-निपाणीच्या माणसाला कुठली बातमी हवी असते? काळम्मावाडीतून दूधगंगेत किती पाणी सोडलं, पाटगावातून वेदगंगेत किती. धरणं कोल्हापूर जिल्ह्यात, पाणी येतं कर्नाटकात. उलट अलमट्टीच्या पाण्याची चिंता सांगली-कोल्हापूरकर करतात. पाण्याच्या बातमीला राज्याची हद्द लावून चालतच नाही. उपग्रहावर भरणारी पेटी गावात असेल तर बाहेरचं इंटरनेट तुटलं तरी गावातल्या फायबरवर वाहिनी चालू राहते, फक्त हेडएंडला जनरेटर हवा आणि तुमच्या घरी राउटरला बॅटरी. म्हणून म्हटलं, छत्रीही राहू द्या. वीज गेली, फायबर गेलं, तरी इन्व्हर्टरवर डीडी फ्री डिश चालते, आणि तिला महिन्याचं भाडं नाही.

फ्री डिशचं आणखी एक आहे, ज्याकडे आपलं लक्ष जात नाही. २००४ साली सुरू झालेली ही सेवा राज्य बघत नाही. एकाच छत्रीवर सह्याद्रीही येते आणि दूरदर्शनची कन्नड वाहिनी चंदनाही. केबलवर तसं नाही. कर्नाटकातल्या पॅकमध्ये कन्नड वाहिन्या धरलेल्या असतात आणि मराठी वाहिन्या वेगळ्या निवडून घ्याव्या लागतात. मात्र फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या अजून एमपेग-२ या जुन्या पद्धतीनं, एसडीत येतात. पन्नास इंची टीव्हीवर ते चित्र मऊ दिसणारच. सगळं एचडी करायचं तर उपग्रहावर जास्त जागा लागेल किंवा घरोघरचे जुने सेट-टॉप डबे बदलावे लागतील, आणि गरिबाचा डबा एका हुकुमानं निकामी करणं हे सार्वजनिक प्रसारकानं करू नये. तेव्हा वरचा दर्जा इंटरनेटनं आणि सगळ्यांसाठीचा पाया छत्रीनं, ही वाटणी अजून बरीच वर्षं राहील असं मी धरून चालतो.

हेडएंडपासून घरापर्यंतच्या भागाबद्दल थोडं, कारण इथे एक चांगली गोष्ट दडलेली आहे. तुमच्या भिंतीवरच्या छोट्या पेटीत, ओएनयूमध्ये, जे फायबर येतं ते बहुधा जीपॉन पद्धतीचं आहे. हेडएंडहून निघालेली एक काडी खांबावरच्या स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. खाली येणारा २.४८८ जीबीपीएसचा सगळा प्रकाश सगळ्या घरांत पोचतो. प्रत्येक पेटी त्यातलं आपलं तेवढं उचलते. म्हणजे एकच प्रत पाठवून ६४ घरांना दाखवायची सोय त्या काचेतच आहे. याला मल्टिकास्ट म्हणतात. मग सगळे ते का वापरत नाहीत? कारण ते उघड्या इंटरनेटवर चालत नाही, एकाच कंपनीच्या जाळ्यात चालतं. आणि घरात शिरल्यावर वाय-फायवर त्याची दाणादाण उडते, कारण वाय-फाय मल्टिकास्टला सगळ्यात मंद गतीनं पाठवतं आणि हरवलेलं पुन्हा पाठवत नाही. त्यावर उपाय निघालेला आहे: ओएनयूपर्यंत मल्टिकास्ट, आणि तिथून टीव्हीपर्यंत नेहमीचेच तुकडे. ॲपला पत्ताही लागत नाही. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीनं २०२३ मध्ये याच धर्तीची पद्धत जाहीर केली. आपल्याकडे त्याची घाई नाही. साधा कॅश सर्व्हर बसला तरी नव्वद टक्के काम झालं असं माझं मत. खांबापासून घरापर्यंतची काडी आज कुठेच भरलेली नाही.

आणि ज्यांच्याकडे केबलवाल्याचंच फायबर आहे त्यांच्यासाठी तर आणखी जवळचा रस्ता आहे. त्याच काडीतून १४९० नॅनोमीटरवर इंटरनेट खाली येतं आणि १५५० वर केबल टीव्ही, दोन वेगळ्या रंगांचा प्रकाश. तिथे एचडी वाहिनी केबलच्या बाजूनं टाकली की इंटरनेटचा प्रश्नच उरत नाही. बेळगावात शहापूर-वडगावच्या बाजूला फिरलात तर अशी दुहेरी पेटी दिसेल. फक्त केबलवाल्याला सह्याद्रीचा चांगला एचडी प्रवाह हातात मिळायला हवा.

आता चित्राच्या मूळ दर्जाकडे येतो, कारण रस्ता कितीही रुंद केला तरी त्यावरून काय पाठवता याला महत्त्व आहेच. टीव्हीची जुनी परंपरा अशी की एका सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवायची: आधी विषम ओळी, मग सम. याला इंटरलेस म्हणतात आणि १०८०आय असं लिहितात. मोबाइल आणि स्मार्ट टीव्हीला अर्धी चित्रं चालत नाहीत, पूर्ण लागतात. इथे बरेच जण स्वस्तातला मार्ग धरतात: दोन अर्धी जोडून सेकंदाला २५ पूर्ण चित्रं करतात. बातम्यांत फरक कळत नाही. कुस्ती लावा. पैलवान डाव टाकतो आणि हात गचके खात जातो, नाहीतर कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. योग्य रीत म्हणजे त्या ५० अर्ध्यांपासून ५० पूर्ण चित्रं तयार करणं. त्याला चांगलं यंत्र लागतं आणि थोडे जास्त बिट लागतात, पण सीमाभागात मैदानाच्या कुस्तीवर जीव टाकणारा प्रेक्षक आहे, त्याला ते द्यावंच. माझ्या मते एचडीच्या नावाखाली ठिपके वाढवण्यापेक्षा हालचाल नीट दाखवणं जास्त मोलाचं. एसडीत चित्रीत केलेला जुना कार्यक्रम ताणून १०८० करायचा आणि कोपऱ्यात एचडी लिहायचं, हा प्रकार तर बंदच व्हावा. ओळखायचं कसं? पडद्याखालून सरकणाऱ्या बातमीपट्टीच्या अक्षरांच्या कडा बघा. पट्टी धारदार आणि वरचं चित्र मऊ, तर चित्र ताणलेलं आहे.

दाबायची पद्धत कुठली वापरायची? तळाला एच.२६४, कारण दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही आणि स्वस्तातला मोबाइलही ते उलगडतो. वरच्या दर्जाला एचईव्हीसी. २०१८ सालचं एव्ही१ स्वामित्वशुल्काविना वापरता यावं म्हणूनच काढलं गेलं, म्हणून सार्वजनिक संस्थेला ते पुढे सोयीचं. पण आज गावातल्या किती टीव्हींत ते चालेल याचा विचार करून हळूहळू आणावं. कुलूप मात्र नको. जी वाहिनी छत्रीवर फुकट आणि उघडी येते तिला इंटरनेटवर डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप लावलं की जुने टीव्ही बाद होतात आणि चोरीही थांबत नाही. तसंच ओटीपीचं. थेट वाहिनी बघायला मोबाइल नंबर मागायचं कारण मला आजवर पटलेलं नाही. सत्तरीतल्या बाईनं सातच्या बातम्या लावायच्या आणि ओटीपी आलेला नातवाच्या फोनवर, तो हिंडलग्याला मित्राकडे.

ॲपवरून आठवलं. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज नावाचं आपलं व्यासपीठ सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण ॲप म्हणजे एक दुकान, आणि वाहिनी सगळ्या दुकानांत मिळायला हवी. ब्रिटनमध्ये बीबीसी, आयटीव्ही आणि इतरांनी मिळून एप्रिल २०२४ मध्ये फ्रीली सुरू केलं: टीव्हीला ब्रॉडबँड जोडा, नेहमीचे वाहिनी क्रमांक दाबा, वाहिनी इंटरनेटवरून येते. ॲप शोधा, उघडा, आत जा, ही कटकट नाही. बीबीसीचा आयप्लेअर २००७ च्या नाताळपासून चालू आहे, तरीही त्यांना हे वेगळं करावं लागलं. डीव्हीबी-आय या मानकानं तर वाहिन्यांची एकच यादी करता येते, ज्यात एका क्रमांकावर छत्री, केबल आणि इंटरनेट तिन्ही जोडलेले असतात. टीव्ही जो चालू असेल तो घेतो. पाऊस आला, छत्री गेली, तर तोच क्रमांक फायबरवर सरकतो. कणकुंबीकरांना याहून वेगळं काय हवं?

ही यादी कुणासाठी कशी लावायची, इथे सीमाभागाचा खास प्रश्न येतो. यंत्रणा तुमचं राज्य आयपी पत्त्यावरून ठरवते. माझ्याच जोडण्यांत निपाणीचा माणूस कधी बेंगळुरूत दिसतो, कधी मुंबईत; भाड्याची लाइन जिथून आली तिथला पत्ता. तेव्हा राज्यावरून वाहिन्या लावणं चुकीचं, आणि राज्यावरून वाहिनी अडवणं तर घातक. पहिल्यांदा टीव्ही लावताना एकदाच भाषा विचारा, एकाहून जास्त निवडू द्या, संपलं. इथल्या कितीतरी घरांत आजी मराठी पेपर वाचते आणि नात कन्नड माध्यमात शिकते. इंटरनेटच्या प्रवाहाबरोबर हव्या तितक्या उपशीर्षकांच्या पट्ट्या पाठवता येतात आणि देवनागरी, कन्नड दोन्ही लिपी त्यात सरळ चालतात. सह्याद्रीच्या शेतीच्या कार्यक्रमाला कन्नड अक्षरं, चंदनाच्या कार्यक्रमाला मराठी. जास्तीचा भार काही किलोबिटांचा. अक्षरं लिहिणाऱ्या माणसांचा पगार हा खरा खर्च, आणि तो करावा. बहिऱ्या प्रेक्षकाचंही काम त्यातच होतं.

उशिराबद्दल लोक फार तक्रार करतात. सहा सेकंदांचे तुकडे, त्यातले तीन पोटात घेऊनच टीव्ही सुरू होतो, वर दाबण्याचा वेळ. सगळं धरून वीस-तीस सेकंद मागे. शेजारी छत्रीवर विकेट पडल्याचा ओरडा आधी येतो. तुकड्याचे आणखी बारीक तुकडे करून हे पाच-सहा सेकंदांवर आणता येतं, पण मग रस्त्यातल्या बारीकसारीक खड्ड्यांनाही चित्र अडखळतं. प्रत गावात असेल तर ते धाडस करता येतं. बातम्यांसाठी गरज नाही.

क्रिकेटचं मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला विचाराल. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो, पण तो तिच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि फ्री डिशसाठी. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो खासगी केबल-डीटीएचवर पुढे नेता येणार नाही असं ठरवलं. इंटरनेटचे हक्क तर वेगळेच विकले जातात. म्हणून छत्रीवर सामना दिसतो आणि त्याच वाहिनीच्या इंटरनेट प्रवाहात दुसरं काही तरी. तो बिघाड नसतो.

फोनवर इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपण, म्हणजे डी२एम, याच्या चाचण्या २०२३ मध्ये बेंगळुरू, दिल्ली, नोएडात झाल्या. फोनमध्ये वेगळी चिप आल्याशिवाय त्याचा तुम्हा-आम्हाला उपयोग नाही. आणि ‘दूरदर्शनचा डेटा फुकट करा’ म्हणणाऱ्यांनाही सांगा की दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१६ च्या नियमानं मजकूर बघून वेगळा दर लावता येत नाही. गावात प्रत ठेवायला असली अडचण नाही. मोबाइलवाल्यांसाठी एवढंच लक्षात ठेवा: ५ एमबीपीएसच्या चित्राला तासाला सव्वादोन जीबी लागतात. दिवसाला दीड जीबीचा पॅक चाळीस मिनिटांत संपेल. फोनवर खालचा दर्जा निवडा, त्या आकारात डोळ्याला फरक कळत नाही.

दूरदर्शन हे सगळं करेल तेव्हा करेल. तोवर तुमच्या घरात काय करायचं ते सांगतो. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर वाय-फाय सोडा, लॅनची वायर टाका. वायर शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. जुन्या दगडी-मातीच्या भिंतीपलीकडे मात्र ते पोचणार नाही, तिथे २.४ च बरं. ओएनयू आणि राउटरला १२ व्होल्टची छोटी बॅटरी मिळते, ती घ्या. वीज गेल्यावर दोन-तीन तास लाइन जिवंत राहते. त्याच बातम्या एकदा दुपारी एकला आणि एकदा संध्याकाळी सातला लावून बघा. दुपारी स्वच्छ आणि संध्याकाळी अडकत असतील तर तुमचा राउटर बदलून काही होणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. मग इंटरनेटवाल्याला स्पीडबद्दल न विचारता दोन नेमके प्रश्न विचारा: तुमची वरची लाइन संध्याकाळी किती भरते, आणि ती मुंबईकडे जाते की बेंगळुरूकडे? उत्तर देता आलं तर माणूस कामाचा. सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकदम विचारलं तर आणखी बरं. एकट्याची तक्रार वहीत जाते.

नव्या टीव्हीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुतण्याला घ्यायचाच असेल तर पडद्याच्या इंचांआधी मागच्या बाजूला लॅनचं भोक आहे का ते बघायला सांगा, आणि आत एचईव्हीसी चालतं का ते दुकानातच पेनड्राइव्हवरची फाइल लावून तपासायला सांगा. छत्रीची वायर जोडायची जागाही सोडायची नाही.